सारांश लिहायला सांगितला की पोर अख्खी गोष्टच उतरवून काढतं? आधी "कुठे अडलं, कशानं सुटलं" विचारा

दरवर्षी शाळा सुरू झाली की माझ्याकडे हाच प्रॉब्लेम येतो. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका वाडीत संध्याकाळची शिकवणी घेते, पाचवी ते दहावी, बारा-पंधरा पोरं, पडवीत चटया टाकून बसतात, बाहेर पाऊस असा कोसळत असतो की मला ओरडून बोलावं लागतं. गोष्ट वाचून झाली, मी म्हटलं आता सारांश लिहा, की पुढचा अर्धा तास सगळ्यांच्या माना खाली आणि पेनं नुसती पळतायत. वह्या हातात आल्या की कळतं, पोरांनी गोष्ट परत लिहून काढलीय, जवळपास शब्दाला शब्द. बरं, पोरं आळशी नाहीत, उलट जीव तोडून लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच "हे चुकलं" म्हटलं की त्यांचा चेहरा बघवत नाही. बऱ्याच पालकांनी पण मला हेच विचारलंय, म्हणून मला जे करून फायदा झाला ते सगळं इथे लिहितेय.

आधी एक वही बघू, कारण चूक नेमकी कुठे होते ते त्यात दिसतं.

श्रावणात आम्ही सोमवारची खुलभर (म्हणजे एवढंसं भांडंभर) दुधाची कहाणी घेतली होती. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. राजाला वाटतं महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, तो दवंडी पिटवतो की सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणायचं, लोक भीतीने पोरांना देत नाहीत, वासरांना पाजत नाहीत, सगळं आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते, तिने घरातल्यांना खाऊ घातलेलं असतं, गाईवासरांना चारा घातलेला असतो, आणि मग ती गंध, फूल, बेलाची पानं आणि खुलभर दूध घेऊन येते, मनापासून वाहते, आणि गाभारा भरतो. राजाला कळेना हे झालं कसं, दुसऱ्या सोमवारी शिपाई बसवतो, तेच होतं, तिसऱ्या सोमवारी स्वतः बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. ती कारण सांगते, राजा सुधारतो, गाभारा भरतो.

सहावीतल्या एका मुलाची वही माझ्या समोर होती. दीड पान. "आटपाट नगर होतं" पासून सुरुवात, प्रधान आला, दवंडी आली, म्हातारीने सकाळपासून काय काय केलं ते सगळं आलं, गंध आलं, फूल आलं, बेलाची पानं आली, तांदळाचे दाणे पण आले, आणि शेवटचं वाक्य होतं "मग ती म्हातारी देवळात आली". संपलं. तिथे वेळ संपला. म्हणजे दीड पान लिहूनही गाभारा भरलाच नाही! ज्याच्यासाठी ती कहाणी सांगतात तेच राहिलं आणि बेलाची पानं मात्र सगळी आली.

तर पहिलं कारण हे, की पोर गोष्टीच्या बरोबर चालत सुटतं. सुरुवातीपासून एकेक वाक्य घेतं आणि वाटेत जे दिसेल ते उचलतं, त्याला शेवट डोळ्यापुढे नसतो. यावर "थोडक्यात लिही", "पाच ओळीत लिही" हे सांगून काही होत नाही, मी खूप वर्षं हेच सांगत होते, पोरं काय करतात तर पहिल्या पाच ओळी लिहितात. ओळी मोजायला सांगितल्या की ती मोजणीच करतात.

मग मी दोन प्रश्नांवर आले. पेन खाली ठेवायचं, वही बंद करायची, आणि एवढंच विचारायचं. कुठे अडलं? कशानं सुटलं?

कुठल्याही लोककथेत काहीतरी अडलेलं असतंच, नाहीतर गोष्ट झालीच नसती. या कहाणीत काय अडलं? गावातलं सगळं दूध ओतलं तरी गाभारा भरेना. कशानं सुटलं? पोरावासरांचं पोट आधी भरलं आणि मग थोडंसंच पण मनापासून वाहिलं, तेव्हा. झाली तुमची मुख्य कल्पना, या दोन वाक्यांच्या मध्येच ती बसलेली आहे. भोपळ्यातल्या म्हातारीचं घ्या, लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते तेव्हा मला खा असं वाघाला सांगून ती गेलेली असते, आता परत जायचं तर वाघ वाट बघतोय, हे अडलं, भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघून गेली, हे सुटलं. लेकीकडे काय काय खाल्लं ते सुटण्याच्या कामाचं नाही, म्हणून गळालं तरी चालेल.

सुरुवातीला पोरं "कुठे अडलं" ला "देवळात" असं उत्तर देतात. हसू नका, चिडू पण नका, त्यांनी कुठे म्हणजे जागा धरली. तेव्हा "कुणाला काय हवं होतं आणि ते का मिळत नव्हतं" असं विचारा, लगेच गाडी रुळावर येते.

आता दुसरं कारण, आणि मला वाटतं आपल्या कोकणात हेच सगळ्यात मोठं आहे, पण याच्याकडे कुणी बघत नाही. भाषा.

त्याच मुलाला मी वही बंद करायला लावली आणि म्हटलं, "पुस्तक सोड, तुझ्या भाषेत माका सांग, काय झाला?" तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, बाई मालवणीत विचारतायत म्हणून, आणि मग एका दमात म्हणाला, "राजान सगळ्यांचा दूध देवार ओतून घेतल्यान, पोरां उपाशी रवली म्हणान गाभारो भरूक नाय, म्हातारेन पोरांका आधी दिल्यान म्हणान तिच्या एवढुशा दुधान भरलो."

बघा म्हणजे! दीड पानात जे नव्हतं ते एका श्वासात आलं, अडलं पण आलं, सुटलं पण आलं, आणि दोनदा "म्हणान" आलं, म्हणजे कारण पण त्याला कळलेलं होतं. त्याला गोष्ट समजली नव्हती असं अजिबात नाही. त्याला समजलेली गोष्ट पुस्तकी मराठीत मांडायची होती आणि तिथे वाक्य चुकायची भीती, मग सगळ्यात सेफ काय, तर पुस्तकातलंच वाक्य उचलायचं, ते तर चुकणार नाही. आणि पुस्तकातली वाक्यं उचलली की सारांश होतच नाही, कारण पुस्तकातलं कुठलंच वाक्य सारांशाचं नसतं, ते गोष्टीचं असतं. सारांशाचं वाक्य पोराला स्वतःच बनवावं लागतं आणि ते आधी घरच्या भाषेतच बनतं.

म्हणून माझा नियम झालाय, आधी तोंडी, घरच्या भाषेत, मग लेखी. जे बोलला तेच हळूहळू प्रमाण मराठीत आणायचं, गाभारो चा गाभारा करायचा, म्हणान चं म्हणून करायचं, एवढंच काम उरतं. घरी आई-वडील मालवणी बोलत असतील आणि अभ्यासाला बसताना मुद्दाम "शुद्ध बोल" म्हणत असतील तर कृपा करून सारांशापुरतं तरी ते थांबवा. रत्नागिरीकडे, गुहागरकडे बोली वेगळी, तिथे त्या बोलीत बोलू द्या, मुद्दा तोच आहे.

लिहिताना अजून एक गोष्ट नक्की करा, पुस्तक उघडं ठेवून लिहू देऊ नका. डोळ्यासमोर वाक्य असलं की ते हातातून वहीवर येतंच.

तिसरा घोळ म्हणजे एकच गोष्ट तीनदा लिहिणं. शिपाई बसवले, मग राजा बसला, सोमवारमागून सोमवार. चिऊताई दार उघड म्हटलं की थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. पोरांना हेच सगळ्यात आवडतं आणि पाठ पण असतं, म्हणून तेच आधी वहीत उतरतं. यात त्यांची चूक नाही हो, लोककथा तोंडी सांगितली जायची, ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहावी म्हणून तीच गोष्ट परत परत येते, बऱ्याचदा तीनदा. अ‍ॅक्सेल ओलरिक नावाच्या डॅनिश अभ्यासकाने १९०९ मध्ये लोककथा कुठल्या नियमांनी चालतात ते मांडलं, त्यात पुनरावृत्ती आणि तीन हा आकडा हे दोन्ही नियम आहेत. म्हणजे हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. पोरांना मी एवढंच सांगते, जे परत परत होतं ते एकदाच लिहायचं, आणि शेवटच्या वेळी जे वेगळं झालं ते मात्र सोडायचं नाही. शिपाई गेले तरी चालतील, राजाने हात धरून विचारलं ते राहायला हवं, कारण तिथूनच कारण कळतं.

चौथं, तात्पर्य. हे फार पसरलंय. सारांश लिही म्हटलं की हुशार पोरं, विशेषतः ज्यांना घरी खूप गोष्टी सांगितल्या जातात ती, एकच ओळ लिहितात, "दुसऱ्याला त्रास देऊ नये". बरोबर आहे, पण हा सारांश नाही, ही शिकवण झाली, आणि ही ओळ शंभर गोष्टींना चिकटवता येते. मुख्य कल्पना अशी हवी की ती वाचून गोष्ट कुठली ते ओळखता आलं पाहिजे. मी त्यांना मुद्दाम विचारते, ही ओळ भोपळ्याच्या म्हातारीला लावली तर चालेल का? चालत असेल तर तू अजून या गोष्टीपर्यंत पोचलाच नाहीस.

काही गोष्टींना तर तात्पर्य नसतंच आणि तिथे पोरं ओढूनताणून काहीतरी चिकटवतात. परशुरामाची घ्या, आपल्या कोकणाची, चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ आहे तिथे सहलीला जाऊन आलेली पोरं असतात त्यामुळे सगळ्यांना माहीत असते. सारांश काय येतो? "परशुरामाने बाण मारला आणि समुद्र मागे हटला आणि कोकण तयार झालं." आणि खाली तात्पर्य, "आपण निसर्ग जपला पाहिजे". आता हे तात्पर्य कुठून आलं देव जाणे, पण मला त्याहून जास्त खटकतं ते वरचं वाक्य. कारण बाण सगळ्यांना आठवतो, दिसायला भारी आहे ना, पण का मारला? परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली होती, आणि दिलेल्या दानावर आपण कसं राहायचं, म्हणून त्याला राहायला जागाच उरली नाही. तिथे अडलं! दान काढून टाकलं तर उरतो नुसता चमत्कार, बाण मारला आणि पाणी गेलं. ही उत्पत्तीची कथा आहे, आपली जमीन कुठून आली ते सांगणारी, तिला बोध नसला तरी कारण आहे, आणि सारांशात ते कारण यायलाच हवं.

यावरून एक युक्ती सापडली, ती मी सगळ्यात जास्त वापरते. काढून बघ. पोराने लिहिलेल्या सारांशातलं एकेक वाक्य बोटाने झाकायचं आणि बाकीचं वाचायचं. गोष्ट उभी राहिली तर ते वाक्य गेलं तरी चालेल. पडली तर ते खांबाचं वाक्य. बेलाची पानं झाकली, काही झालं नाही. "पोरंवासरं उपाशी राहिली" झाकलं, तर गाभारा का भरला नाही तेच कळेना. आणि गंमत म्हणजे "खुलभर" हा शब्द झाकला तर पण पडते, कारण गावभरच्या दुधाने जे झालं नाही ते एवढ्याशा भांड्यातल्या दुधाने झालं, हाच तर जीव आहे. म्हणजे बारीकसारीक तपशील सगळे काढा असं पण नाही, एखादा तपशीलच खांब असतो. हे नियम सांगून कळत नाही, बोट ठेवून झाकून बघितलं की पोराला लगेच कळतं, पाचवीतल्याला पण.

मोठ्या पोरांना, ज्यांना हे सगळं बाळबोध वाटतं, त्यांना मी दशावतार आठवायला लावते. आपल्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार बघितलेला नाही असं पोर विरळाच. त्या नाटकाचे संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, नट रंगमंचावर आयत्या वेळी बोलतात, पण बोलणार कशाच्या जोरावर? आज कुठलं आख्यान, कोण कुठलं पात्र, कुणाचं कुणाशी का बिनसलं आणि शेवट कसा, हे आधी ठरलेलं असतं, तेवढ्या सांगाड्यावर पहाटेपर्यंत नाटक चालतं. मी म्हणते, समज तू कंपनीचा मालक आहेस, बाहेर पेटी-पखवाज सुरू झालाय, आणि नवीन नटाला तुला पाच मिनिटांत आख्यान सांगायचंय. काय सांगशील? बेलाची पानं सांगशील का? आठवीतल्या एका मुलीने यावर सांगितलेला भोपळ्याचा सारांश इतका नेमका होता की मी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

चिऊ-काऊची गोष्ट देत असाल तर एक सावधगिरी. घराघरात तिचा शेवट वेगळा आहे. कुठे काऊ शेकायला तव्यावर बसतो आणि भाजतो, कुठे कोपऱ्यात बसून कुडुम कुडुम करत चिऊचं साठवलेलं खाऊन टाकतो, कुठे चिऊ त्याला साधी आत घेते. शेवट बदलला की मुख्य कल्पना पण बदलते. एकदा माझ्याकडे दोन बहिणी (चुलत) याच्यावरून भांडत होत्या, दोघींचे सारांश आपापल्या जागी बरोबर होते, आज्या वेगळ्या होत्या. त्यामुळे तपासायच्या आधी पोराने ऐकलेली गोष्ट कुठली ते विचारा, नाहीतर बरोबर लिहिलेलं तुम्ही चूक द्याल.

दहावीवाल्यांसाठी वेगळं थोडं. मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत (म्हणजे प्रश्नपत्रिकेत) पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन असतं, अपठित उताऱ्याचा साधारण एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत. म्हणजे दीडशे शब्दांचा उतारा तर पन्नासच्या आसपास. उतारा बऱ्याचदा गोष्ट नसून विचार मांडणारा असतो, तिथे "कुठे अडलं" चालत नाही, तिथे "लेखकाला काय पटवून द्यायचंय आणि त्यासाठी तो काय कारण देतो" हे विचारायचं. पण ज्या पोरांनी लहानपणी गोष्टींवर हात बसवलाय त्यांना हे जड जात नाही, मी बघितलंय. उदाहरणं, आकडे, म्हणी, सुभाषितं गाळायची, हे त्यांना आपोआप जमतं, झाकून बघायची सवय असते ना.

आणि उलटा प्रॉब्लेम पण येतो बरं का, हे सगळं शिकवल्यावर काही पोरं एवढं कापतात की "राजा चुकला, म्हातारी बरोबर" एवढंच उरतं. त्याला उपाय सोपा आहे, ज्याला ती गोष्ट माहीत नाही किंवा विसरलाय अशा माणसाला वाचून दाखवायचं. ऐकणारा मध्येच "बरं बरं, पुढे?" करायला लागला तर जास्त झालंय, आणि शेवटी "मग?" म्हणाला तर काहीतरी राहिलंय.

त्या सहावीतल्या मुलाने दुसऱ्यांदा लिहिलं ते असं होतं. "एका राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता म्हणून त्याने गावातलं सगळं दूध देवळात आणायला लावलं. त्यामुळे मुलं आणि वासरं उपाशी राहिली आणि गाभारा काही भरला नाही. एका म्हातारीने आधी घरातल्यांना आणि गाईवासरांना खाऊ घातलं आणि मग खुलभर दूध मनापासून वाहिलं, तेव्हा गाभारा भरला. राजाने तिला पकडून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की कुणाला उपाशी ठेवून केलेलं देवाला आवडत नाही." चार वाक्यं. मी खूष झाले, मला वाटलं झालं आता. तो घरी गेला आणि मी सांगितल्याप्रमाणे काकांना वाचून दाखवलंन, काका पडवीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मगे राजान काय केल्यान?"

दुसऱ्या दिवशी वहीत खाली वेगळ्या शाईने एक वाक्य वाढलेलं होतं, "मग राजाने पण तसंच केलं आणि गाभारा भरला." आणि वर्गात मी कहाणीचा शेवट, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, असा म्हटला तसा तो बोटांवर आपली वाक्यं मोजायला लागला.